पुढच्याला गाठायचं तर ब्रेक दाबा

समजा, तुम्ही एका यानात बसून ग्रहाभोवती गोल कक्षेत फिरत आहात. इंजिन बंद आहे. त्याच कक्षेत, तुमच्या पुढे १० किलोमीटरवर दुसरं एक यान आहे. तेही तुमच्याच वेगाने फिरत आहे. त्या यानातलं इंधन संपलं आहे आणि आतल्या प्रवाशाला तुम्हाला परत आणायचं आहे. काय कराल?

वर्गात हा प्रश्न विचारून पाहा. बहुतेक मुलं सांगतील, इंजिन चालू करायचं, वेग वाढवायचा आणि पुढच्याला गाठायचं. रस्त्यावर आपण हेच करतो. मीही हेच केलं. एकदा नाही, तीनदा. तिसऱ्या खेपेनंतर पाहतो तर पुढचं यान १० ऐवजी ६० किलोमीटरवर गेलेलं आणि माझी टाकी निम्मी झालेली. शेजारी बसलेला माझा भाचा ओंकार इतका वेळ गप्प होता. शेवटी त्याला राहवेना. म्हणाला, "मामा, ब्रेक दाब."

हे सगळं अर्थातच संगणकाच्या पडद्यावर चाललं होतं. खेळाचं नाव 'कर्बल स्पेस प्रोग्राम'. अडकलेला प्रवासी बॉब नावाचा एक हिरवा, मोठ्या डोक्याचा प्राणी होता. त्याच्यापेक्षा मला माझीच काळजी वाटू लागली. मी भौतिकशास्त्रात पीएच.डी. केली आहे. कक्षेतला वेग काढायचा तर ग्रहाच्या वस्तुमानाला गुरुत्वस्थिरांकाने गुणायचं, केंद्रापासूनच्या अंतराने भागायचं आणि वर्गमूळ काढायचं, हे मी फळ्यावर कितीतरी वेळा लिहिलं आहे. अंतर वाढलं की वेग कमी होतो, हे त्या सूत्रात उघड दिसतं. तरी वेळ आली तेव्हा हात गेला तो वेग वाढवण्याकडेच. म्हणजे मला सूत्र माहीत होतं, कक्षा माहीत नव्हती.

हॉस्टेलवर 'प्रिन्स ऑफ पर्शिया' खेळलो तेव्हापासून आजवर मी बरेच संगणकखेळ खेळलो आहे. त्यांतल्या आवडत्या खेळाबद्दल लिहायचं तर मी याच खेळाबद्दल लिहीन, आणि त्याचं कारण ही फजिती आहे.

आधी त्या १० किलोमीटरचा हिशोब करू. खेळातल्या ग्रहाचं नाव कर्बिन. त्याची त्रिज्या ६०० किलोमीटर. आमची दोन्ही यानं जमिनीपासून १०० किलोमीटर उंचीवर, म्हणजे केंद्रापासून ७०० किलोमीटरवर होती. तिथे कक्षेतला वेग असतो सेकंदाला २,२४६ मीटर आणि एका फेरीला लागतात १,९५८ सेकंद, म्हणजे साडेबत्तीस मिनिटांच्या आसपास. आता मी माझा वेग सेकंदाला फक्त १.७ मीटरने कमी केला, असं धरा. आपण झपझप चालतो तेवढाच हा वेग. तो कमी पडल्यामुळे यान ग्रहाकडे किंचित झुकतं. कक्षा गोल न राहता जराशी लंबवर्तुळाकार होते आणि तिचं पलीकडचं टोक सुमारे दोन किलोमीटर खाली येतं. कक्षा लहान झाली की फेरीचा वेळही कमी होतो. केप्लरचा तिसरा नियम सांगतो की फेरीच्या वेळेचा वर्ग हा सरासरी अंतराच्या घनाच्या प्रमाणात असतो. त्यावरून गणित केलं तर माझी फेरी सुमारे साडेचार सेकंद लवकर पूर्ण होते. साडेचार सेकंदांत यान किती अंतर कापतं? दहा किलोमीटर! म्हणजे जिथे ब्रेक दाबला तिथे मी एक फेरी मारून परत येतो, तेव्हा बॉबचं यान बरोबर तिथेच असतं.

उलट, वेग १.७ मीटरने वाढवला तर एका फेरीनंतर अंतर १० चं २० किलोमीटर होतं. गंमत अशी, की हे लगेच लक्षात येत नाही. पहिली पावणेचार मिनिटं तुम्ही खरोखरच पुढच्या यानाच्या जवळ जाता, अडीचशे मीटरने का होईना. तुम्हाला वाटतं, जमलं. मग अंतर पुन्हा वाढू लागतं. कारण तोवर तुम्ही वर चढलेले असता, आणि वरच्या कक्षेत चाल मंद आणि वाट लांब. नवशिका घाबरतो आणि आणखी वेग वाढवतो. पुन्हा थोडं जवळ, पुन्हा लांब. माझे ६० किलोमीटर असे झाले.

या फजितीत मी एकटा नाही, हे नंतर कळलं तेव्हा बरं वाटलं. जून १९६५ मध्ये 'जेमिनी ४' या अमेरिकी यानाचा चालक जेम्स मॅकडिव्हिट याने आपल्याच अग्निबाणाच्या सुट्या झालेल्या टप्प्याजवळ जायचा प्रयत्न केला. त्याने यानाचं तोंड टप्प्याकडे केलं आणि इंजिन चालू केलं. टप्पा हाती लागला नाही, इंधन मात्र बरंच खर्ची पडलं आणि शेवटी नाद सोडावा लागला. मॅकडिव्हिट हा कसलेला वैमानिक. विमानात त्याचा हात बरोबर पडला असता. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये 'जेमिनी ६' हे यान 'जेमिनी ७'च्या अगदी जवळ, फुटाभराच्या अंतरापर्यंत गेलं. अधल्या सहा महिन्यांत निसर्गाचे नियम बदलले नव्हते. बदलली होती ती माणसांची विचार करण्याची पद्धत. आपल्याकडे इस्रोने १६ जानेवारी २०२५ रोजी 'स्पेडेक्स' मोहिमेत दोन छोटे उपग्रह कक्षेत एकमेकांना जोडले. त्याआधी ही जोडणी पुढे ढकलावी लागली होती, तेव्हा लोक विचारत होते, "दोन डबे जोडायला एवढा वेळ कशाला?" मी विचारलं नाही. बॉबने मला शहाणं केलं होतं.

आता खेळाविषयी थोडं. मेक्सिको सिटीत 'स्क्वाड' नावाची कंपनी होती. तिचा मूळ धंदा जाहिरातींशी संबंधित. तिथे काम करणाऱ्या फेलिपे फालांघे या तरुणाच्या डोक्यातून हा खेळ निघाला. लहानपणी तो आणि त्याचे मित्र वर्खाच्या बाहुल्या करून त्या फटाक्यांच्या बाणावर बसवत आणि उडवत. त्या बाहुल्यांचं नाव कर्बल. (दिवाळीत बाणाला गोगलगाय बांधणारा एक मित्र मलाही होता. त्याने पुढे खेळ काढला नाही, हिशोबतपासनीस झाला.) २०११ च्या जूनमध्ये खेळाचं पहिलं कच्चं रूप लोकांसमोर आलं आणि २०१५ च्या एप्रिलमध्ये पूर्ण आवृत्ती. २०१४ मध्ये रँडल मन्रो या व्यंगचित्रकाराने, जो आधी नासासाठी काम करत असे, एक आलेख काढला होता. आडव्या अक्षावर काळ, उभ्या अक्षावर कक्षागतीची आपली समज. शाळा, पदवी, नासातली नोकरी, सगळीकडे रेषा जेमतेम वर सरकते. हा खेळ सुरू केल्यावर मात्र ती उभीच्या उभी चढते.

खेळण्याची रीत साधी आहे. टाक्या, इंजिनं, हवाई छत्र्या, पाय असे सुटे भाग जोडून अग्निबाण तयार करायचा आणि उडवायचा. सुरुवातीला तो फुटतो, कलंडतो, किंवा वर जाऊन सरळ खाली येतो. कक्षेत जायचं म्हणजे नुसतं उंच जायचं नाही, आडवा वेग घ्यायचा, हे कळायलाच काही संध्याकाळी जातात. मग मन नावाचा चंद्र खुणावतो. तिथे हवा नाही, हे विसरून प्रत्येक नवशिका एकदा तरी हवाई छत्रीच्या भरवशावर उतरायला जातो. पुढे काय होतं ते सांगायला नको.

हा खेळ मला वेगळा का वाटतो? इतर खेळांत माझा सामना असतो खेळ करणाऱ्या माणसाशी. राक्षस किती तगडा ठेवायचा, दार कुठल्या किल्लीने उघडायचं, हे त्याने ठरवलेलं असतं. मारिओ उडी मारल्यावर हवेत दिशा बदलतो, कारण तसं केल्याने मजा येते. त्यात वाईट काही नाही. पण अडलो तर मी विचार करतो तो त्या माणसाच्या मनाचा. याला काय हवं असेल? कर्बलमध्ये अडलो तर असा विचार करून उपयोग होत नाही. न्यूटनचे नियम एकदा घालून दिले की फालांघेच्या हातातही फारसं काही उरत नाही. मनच्या जवळून योग्य बाजूने गेलं तर यानाला फुकट वेग मिळतो आणि ते कर्बिनच्या पकडीतून सुटून जातं. ही युक्ती कुणी खेळात मुद्दाम घातलेली नाही. नियमांतून ती आपोआप निघते, जशी ती व्हॉयेजर यानांच्या वेळी निघाली होती.

या जातीच्या खेळांचं कूळ जुनं आहे. १९६२ मध्ये एमआयटीतल्या मंडळींनी केलेल्या 'स्पेसवॉर'मध्ये पडद्याच्या मध्यभागी एक तारा होता आणि तो यानांना ओढत असे. १९६९ मध्ये, अपोलो ११ ला काही महिने होतात न होतात तोच, मॅसॅच्युसेट्समधल्या जिम स्टोरर नावाच्या शाळकरी मुलाने चांद्रयान उतरवण्याचा खेळ लिहिला. त्यात चित्रंसुद्धा नव्हती, नुसते आकडे छापून येत. शाळेतल्या मुलाने लिहिला, हे शिक्षकांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे.

एक गोष्ट मला या खेळाने खऱ्या अर्थाने समजावली, ती म्हणजे आपल्या मंगळयानाची वाट. ५ नोव्हेंबर २०१३ ला ते उडालं आणि पुढचे जवळजवळ चार आठवडे पृथ्वीभोवतीच फिरत राहिलं. दर काही दिवसांनी कक्षा थोडी लांबवायची, असं चाललं होतं. वर्तमानपत्रांत तेव्हा गोफणीची उपमा आली होती. गोफण गरगर फिरवून वेग वाढवतात तसं. उपमा छान आहे, पण चुकीची. गोफण फिरवताना आपला हात सतत जोर लावत असतो. यान नुसतं फिरत राहिलं म्हणून त्याला काहीही मिळत नाही.

खरं कारण इंजिन आहे. उड्डाणाच्या वेळी मंगळयानाचं वजन १,३३७ किलो आणि इंजिनाचा जोर ४४० न्यूटन. भागाकार करा. त्वरण येतं सेकंदाला सेकंदाला मीटरचा एक तृतीयांश. सेकंदाला एक हजार मीटर वेग मिळवायचा तर पाऊण तासाच्या वर इंजिन चालू ठेवावं लागेल. (जळत जाणाऱ्या इंधनाने वजन घटतं, ते इथे सोडून देऊ.) तेवढ्या वेळात यान पृथ्वीपासून लांब निघून जाईल. मग काय बिघडलं? बिघडतं ते ऊर्जेच्या हिशोबात. एक किलोची वस्तू सेकंदाला १,००० मीटरने जात असताना तिचा वेग १०० मीटरने वाढवला तर तिची गतिज ऊर्जा १ लाख ५ हजार ज्यूलने वाढते. तीच वस्तू सेकंदाला १०,००० मीटरने जात असेल तर तेवढ्याच वेगवाढीने ऊर्जा वाढते १० लाख ५ हजार ज्यूल. इंधन तेवढंच, मिळकत जवळजवळ दहापट! म्हणून इंजिन चालवायचं ते यान सर्वांत वेगात असताना, म्हणजे पृथ्वीच्या सर्वांत जवळ असताना. इंजिन दुबळं असेल तर प्रत्येक फेरीत जवळच्या टोकाला आलं की थोडं चालवायचं, बंद करायचं, पुढच्या फेरीची वाट पाहायची. चंद्रयान ३ नेही २०२३ मध्ये हेच केलं. १४ जुलैला निघून ते २३ ऑगस्टला उतरलं. अपोलो ११ चार दिवसांत पोहोचलं होतं, कारण त्याच्या खाली प्रचंड अग्निबाण होता.

या परिणामाला हर्मन ओबर्थ या शास्त्रज्ञाचं नाव आहे. मी तो पुस्तकात वाचला होता, वर केलेलं गणितही करू शकलो असतो. पण कर्बलमध्ये एक चिमुकलं इंजिन लावून दूरच्या ग्रहाकडे निघालो, एका दमात जायचा हट्ट धरला आणि इंधन संपून सूर्याभोवती लटकलो, तेव्हा मंगळयानाचे ते चार आठवडे मला पटले.

आता खेळात जे खरं नाही त्याकडे वळू. शिक्षकांनी हा भाग विशेष ध्यानात ठेवावा. कर्बिनची त्रिज्या आपल्या पृथ्वीच्या दहाव्या हिश्श्याहूनही थोडी कमी, पण पृष्ठभागावरचं गुरुत्वत्वरण मात्र आपल्याइतकंच, ९.८१. हे कसं जमावं? त्वरण हे घनता आणि त्रिज्या यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असतं. त्रिज्या साडेदहापट कमी केली तर घनता तितकीच वाढवावी लागते. पृथ्वीची सरासरी घनता पाण्याच्या साडेपाचपट. म्हणजे कर्बिनची सुमारे ५८ पट. आपल्याला माहीत असलेल्या धातूंत सर्वांत घन ऑस्मियम, आणि तो पाण्याच्या साडेबावीसपट! असा ग्रह असू शकत नाही. अकरावीच्या मुलांना हे गणित जरूर घाला.

मग असं का केलं? पृथ्वीभोवतीच्या कक्षेत जायला, वाटेतले तोटे धरून, सेकंदाला सुमारे ९,४०० मीटर एवढ्या वेगबदलाची क्षमता लागते. कर्बिनवर ३,४०० पुरते. इंजिनातून वायू सेकंदाला ३,००० मीटरने बाहेर पडतो असं धरलं आणि त्सिओलकोव्स्कीचं समीकरण लावलं, तर एकाच टप्प्याच्या अग्निबाणाचं भरलेलं वजन रिकाम्या वजनाच्या कितीपट हवं? कर्बिनवर तिप्पट. पृथ्वीवर तेवीसपट! घातांकी फलन म्हणजे काय चीज आहे हे या दोन आकड्यांइतकं चटकन दुसऱ्या कशातून कळेल, असं मला वाटत नाही. पृथ्वीच्या मापाने खेळ केला असता तर नवशिक्यांनी आठवड्याभरात सोडून दिला असता. मला ही तडजोड मान्य आहे. ग्रह खोटा, पण नियम खरा ठेवला. उलट केलं असतं तर खेळाला काही अर्थ उरला नसता.

मला खटकतं ते वेगळंच. या खेळात एक प्रकार असा आहे की तुम्ही 'विज्ञान' गोळा करायचं. ते गुणांच्या रूपात मिळतं. एका डबीत एक गूढ चिकट पदार्थ असतो. नव्या जागी जायचं, डबी उघडायची. पडद्यावर एक विनोदी वाक्य येतं आणि गुण जमा होतात. तापमापक लावला, गुण. बाहेर पडून मूठभर माती उचलली, गुण. तोच प्रयोग पुन्हा केला तर गुण कमी! पुरेसे गुण झाले की नवे भाग मिळतात. ज्या खेळाने गुरुत्वाकर्षणाशी एवढं इमान राखलं, त्याने विज्ञानाची कल्पना मात्र एखाद्या आळशी कॉलेजातून उचलल्यासारखी वाटते. आमच्या वेळी लंबकाच्या प्रयोगात ९.८ हे उत्तर आधी लिहून त्यावरून निरीक्षणं 'काढायची' पद्धत होती. जर्नल भरलं, सही झाली, गुण मिळाले. चिकट पदार्थाची डबी मला ओळखीची वाटली ती यामुळे.

आणि विरोधाभास पाहा. ओंकारने याच खेळात खरा प्रयोग केला होता आणि त्याबद्दल त्याला एकही गुण मिळाला नव्हता. अग्निबाण सरळ उभा किती उंचीपर्यंत न्यायचा आणि कुठे आडवा वळवायला घ्यायचा, हा प्रश्न त्याला पडला. फार लवकर वळवला तर दाट हवेत वेग वाया जातो, फार उशिरा वळवला तर स्वतःचं वजन तोलून धरण्यातच इंधन संपतं. त्याने एकच अग्निबाण घेतला, बाकी काही न बदलता वळण्याची उंची बदलत गेला आणि कक्षेत पोहोचल्यावर टाकीत किती उरलं ते वहीच्या मागच्या पानावर लिहीत गेला. चौदा उड्डाणं. मी ते पान पाहिलं तेव्हा त्याला विचारलं, "हे काय?" तो म्हणाला, "काही नाही, टाइमपास."

ते पान मी पाहिलं त्याचीही एक गोष्ट आहे. ताईने मला बोलावलं होतं ते मुळात त्याला चार शब्द सुनावण्यासाठी. दहावीचं वर्ष आणि हा पठ्ठ्या रात्री अकरापर्यंत संगणकासमोर. "तू शास्त्रज्ञ आहेस, तुझं तरी ऐकेल," असं तिचं म्हणणं. तिने त्याची चाचणीची उत्तरपत्रिका माझ्या हातात दिली. दहावीच्या पुस्तकात 'अवकाश मोहिमा' नावाचा धडा आहे आणि त्यात कक्षेतल्या वेगाचं ते सूत्र आहे. उपग्रहाची उंची देऊन वेग काढायला सांगितला होता. ओंकारने जागा कोरी सोडली होती. ज्याने मला ब्रेक दाबायला सांगितलं त्यानेच!

मी त्याला रागावलो नाही, पण मला धक्का बसला, हे खरं. माझ्याकडे सूत्र होतं आणि हात चुकत होता. त्याचा हात अचूक होता आणि सूत्र पाहून तो गांगरत होता. या दोन ज्ञानांमध्ये आपोआप पूल पडतो असं मला वाटायचं. तो पडत नाही. खेळाच्या कौतुकात ही गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. खेळ तुम्हाला करायला लावतो, पण आधी सांगायला लावत नाही. अंदाज आकड्यात बांधा, मग करून पाहा, असं तो कधीच म्हणत नाही. उलट चूक झाली तर 'उड्डाण मागे घ्या' असं बटणही देतो. (ते वापरायचं नाही, हा आमच्या दोघांतला करार आहे. म्हणून तर बॉब अडकला.) पूर्वी अग्निबाणाची वेगबदलाची क्षमता, जिला खेळाडू डेल्टा-व्ही म्हणतात, ती खेळ दाखवतही नसे. २०१८ च्या अखेरीपर्यंत खेळाडू ती स्वतः काढत, नाहीतर दुसऱ्याने लिहिलेली जोडणी वापरत. आता आकडा आयता दिसतो. सोय झाली, पण लॉगॅरिदम हातात घ्यायचं एकुलतं एक कारण गेलं.

आम्ही एक साधा उपाय केला. पडद्याच्या त्या कोपऱ्यावर कागदाची पट्टी चिकटवली. उड्डाणाआधी दोघांनी आपापला आकडा कागदावर लिहायचा, मग पट्टी उचलायची. ज्याचा आकडा जास्त चुकेल त्याने चहा करायचा. पहिल्या संध्याकाळी ओंकारने सहा कप चहा केला. तिसऱ्या दिवशी मला करावा लागला, कारण सुटून पडणाऱ्या टप्प्याचं वजन धरायला मी विसरलो होतो. ताई अजून पूर्ण राजी नाही. उत्तरपत्रिकेत ते गणित पुन्हा आलं तर पाहू, असं तिने मला बजावलं आहे, आणि तिचं चुकतं असं मला म्हणता येत नाही.

ज्या शाळांत संगणक आहेत तिथे हा खेळ दाखवायला हरकत नाही. खेळ जुना झाल्यामुळे फार भारी यंत्र लागत नाही. मराठीत तो नाही, ही अडचण आहे. मात्र वाचायचं कमी आणि बघायचं जास्त असल्याने मुलं चटकन रुळतात. याचा दुसरा भाग २०२३ मध्ये अर्धवट अवस्थेत विक्रीला आला आणि २०२४ मध्ये त्याचं काम थांबलं. घ्यायचा तर पहिलाच घ्यावा.

गेल्या महिन्यात ओंकारचा फोन आला. आदित्य-एल१ सारखं यान त्याने कर्बिन आणि सूर्य यांच्या मधल्या बिंदूवर नेऊन ठेवलं होतं आणि ते तिथे राहत नव्हतं. सात वेळा करून पाहिलं. प्रत्येक वेळी यान सरळ निघून जात होतं. "माझं काय चुकतंय, मामा?" त्याचं काही चुकत नव्हतं. या खेळात यानाला एका वेळी एकच गोल ओढतो. कर्बिनच्या हद्दीत असाल तर फक्त कर्बिन, हद्दीबाहेर गेलात की फक्त सूर्य. त्यामुळे गणित सोपं होतं आणि संगणकाला झेपतं. पण एल१ हा बिंदू मुळात दोघांच्या एकत्र ओढीतून जन्माला येतो. ज्या जगात दोघे एकाच वेळी ओढत नाहीत तिथे तो असणार कुठून? हे सांगितल्यावर तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे खेळच चुकलाय."

'प्रिन्सिपिया' नावाची एक जोडणी मिळते. ती बसवली की सगळे गोल सगळ्यांना ओढू लागतात. ती लिहिणाऱ्यांना एक गंमत आढळली. खेळातल्या जूल या मोठ्या ग्रहाच्या चंद्रांची मूळ मांडणी खऱ्या गुरुत्वाकर्षणात टिकतच नाही, म्हणून त्यांना काही कक्षा बदलाव्या लागल्या. ओंकारने ती जोडणी बसवली आहे. यान आता एल१ च्या आसपास घुटमळतं, पण थोडं दुर्लक्ष झालं की एका बाजूला घसरू लागतं आणि त्याला पुन्हा जाग्यावर आणायला चमचाभर इंधन खर्चावं लागतं. खऱ्या आदित्यलाही तसं करावं लागतं. जानेवारी २०२४ मध्ये तो तिथे पोहोचला आणि २ जुलै २०२४ ला त्याने एल१ भोवतीची पहिली फेरी पूर्ण केली, १७८ दिवसांत. ओंकारचं यान सध्या साठाव्या दिवसावर आहे.